वापरलेल्या वस्तू आणि पॅकेजिंग कलेक्शन पॉइंटला कसं परत द्यायचं: घरच्या तयारीपासून पावतीपर्यंत

कलेक्शन पॉइंट सापडला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणजे घरातलं जे काही "होईल बहुतेक रिसायकल" वाटतंय ते एका पिशवीत कोंबायचं, नेऊन पेटीत ओतायचं आणि हात झटकायचे. पण पेटीपर्यंत पोचलेल्या मालातला बराचसा पुढे जातच नाही, कारण तो ओला असतो, खरकटा असतो, चुकीच्या पेटीत पडलेला असतो, नाहीतर त्यात अशी एखादी वस्तू असते की तिच्यापायी अख्खा गठ्ठा बाजूला काढावा लागतो. म्हणून इथे पॉइंट शोधण्यावर थोडंच लिहिलंय आणि निघायच्या आधी घरी काय करायचं यावर जास्त.

एक नियम आत्ताच सांगून टाकते, पुढे पदोपदी लागेल: खात्री नसेल तर पेटीत टाकू नका, आधी विचारा. चांगल्या मनाने टाकलेली चुकीची वस्तू ही न टाकलेल्या वस्तूपेक्षा जास्त नुकसान करते.

कोण घेतं आणि का घेतं

बरेच लोक दुकानात जुना चार्जर परत द्यायला लाजतात, आपण काहीतरी फुकटची सोय मागतोय असं वाटतं. तसं काही नाहीये. १९९० मध्ये स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी कल्पना मांडली की वस्तू ज्याने बनवून बाजारात आणली, ती वापरून संपल्यानंतरची जबाबदारीही त्याचीच असावी. पुढे यावरून बऱ्याच देशांत कायदे झाले, त्याला सगळे ईपीआर (एक्स्टेंडेड प्रोड्यूसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे उत्पादकाची वाढीव जबाबदारी) म्हणतात. म्हणजे गोळा करायचा आणि रिसायकल करायचा खर्च उत्पादकावर येतो, आणि तो बहुतेक वेळा वस्तूच्या किमतीत आधीच धरलेला असतो. तुम्ही तो भरून बसलाय, तेव्हा परत देताना संकोच कसला.

पॉइंटचे प्रकार मात्र नीट ओळखा, कारण प्रत्येकाची शिस्त वेगळी आहे. दुकानातली पेटी असते, तिच्यात साधारण सेल, बल्ब, छोटी इलेक्ट्रॉनिक वस्तू, प्रिंटरची कार्ट्रिज असलं लहानसहान चालतं. रस्त्याकडेचे मोठे कंटेनर असतात, काच, कागद, कपडे वगैरे, तिथे माणूस नसतो त्यामुळे चूक सांगायलाही कोणी नसतं. मग कर्मचारी असलेलं केंद्र, तिथे फ्रिजपासून रंगाच्या डब्यापर्यंत बऱ्याच गोष्टी घेतात आणि विचारायचं असेल तर हीच जागा सगळ्यात चांगली. काही कंपन्या पोस्टाने किंवा कुरिअरने परत घेतात, किंवा नवीन मोठी वस्तू घरी पोचवताना जुनी घेऊन जातात. अधूनमधून एका दिवसाची गोळा मोहीम असते, फिरती गाडी असते.

डिपॉझिटचं मशीन हा सगळ्यात वेगळा प्रकार. पेय विकत घेताना बाटलीवर थोडी जादा रक्कम घेतात आणि रिकामी बाटली परत दिली की ती मिळते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने असा कायदा १९७१ मध्ये केला, स्वीडनमध्ये ॲल्युमिनियमच्या कॅनवर १९८४ पासून आहे, जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर २००३ पासून. हे मशीन बारकोड वाचतं, आकार बघतं, काही मशीन वजनही बघतात. त्यामुळे इथे बाटली अजिबात चेपायची नाही, लेबल काढायचं नाही, आणि आत पेय शिल्लक ठेवायचं नाही. साध्या प्लास्टिकच्या पेटीत मात्र याच बाटल्या चेपून टाका म्हणतात! एकच बाटली, दोन ठिकाणी दोन उलटे नियम, म्हणून आधी ठरवा कुठे न्यायचीय आणि मगच तिला हात लावा.

शोधायचं कसं

सुरुवात नकाशापासून नको, वस्तूपासून करा. वस्तूवर किंवा खोक्यावर कंपनीचं नाव असतं, तिच्या वेबसाइटवर टेक-बॅक किंवा रिसायकलिंग असं पान असतं का बघा, बऱ्याचदा अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. तिथे नसेल तर स्थानिक प्रशासनाच्या साइटवर कचऱ्याच्या विभागात. नकाशाचं ॲप सगळ्यात शेवटी, कारण त्यावर बंद पडलेले पॉइंट तसेच दिसत राहतात.

मग फोन करा. हो, फोनच. चार गोष्टी विचारा: नेमकं काय घेता आणि काय घेत नाही, एकावेळी किती घेता (दुकानं घरगुती प्रमाणातच घेतात, पोतंभर सेल घेऊन गेलात तर परत पाठवतील), वस्तू कशा अवस्थेत हवी, आणि पावती मिळते का. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक हेलपाटा वाचतो.

वस्तूवरची चिन्हं, आणि त्यातली फसगत

तीन बाणांचा त्रिकोण दिसला की लोक निर्धास्त होतात. हे मूळ चिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढलं होतं, ते कोणाच्या मालकीचं नाही आणि कुठेही छापता येतं. प्लास्टिकवर त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, तो प्रकार १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणला आणि तो फक्त प्लास्टिक कोणतं आहे एवढंच सांगतो, रिसायकल होईल असं वचन देत नाही. गैरसमज इतका वाढला की २०१३ मध्ये या चिन्हाच्या अधिकृत नमुन्यातले बाण काढून साधा त्रिकोण केला, तरी जुनी बाणवाली छपाई अजून सर्रास दिसते.

आकडे लक्षात ठेवायचेच तर असे: १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि शीतपेयाच्या पारदर्शक बाटल्या. २ म्हणजे जाड एचडीपीई, शॅम्पू आणि डिटर्जंटच्या अपारदर्शक बाटल्या. ३ पीव्हीसी, ४ पातळ पिशव्यांचं एलडीपीई, ५ पीपी म्हणजे डबे, झाकणं, ६ पॉलिस्टायरिन, त्यातच थर्माकोल आला, आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. १ आणि २ ला जवळपास सगळीकडे मागणी आहे, ५ ला बऱ्याच ठिकाणी, बाकीचं विचारून.

दोन बाण एकमेकांत गुंतलेलं गोल चिन्ह, म्हणजे ग्रीन डॉट, त्याचा अर्थ कंपनीने गोळा करणाऱ्या यंत्रणेला पैसे भरलेत एवढाच. पॅकेट रिसायकल होतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरं कामाचं चिन्ह म्हणजे फुली मारलेली चाकांची कचरापेटी. ती जिथे असेल ती वस्तू घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, तिच्यासाठी वेगळी गोळा व्यवस्था आहे. तिच्याखाली जाड काळी पट्टी असेल तर ती वस्तू युरोपात ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आलेली. सेलवर या पेटीखाली एचजी, सीडी किंवा पीबी अशी रोमन अक्षरं असली तर आत अनुक्रमे पारा, कॅडमियम किंवा शिसं आहे.

आकडाच पुसला गेला असेल तर? साबणाशिवाय साध्या पाण्यात तुकडा बुडवून बघा, एचडीपीई आणि पीपी तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. कारखान्यातल्या धुण्याच्या टाकीतही हेच होतं. पीव्हीसी आणि पेट दोन्ही बुडत असल्याने तिथे ते वेगळे होत नाहीत, आणि पेट वितळवताना लागणाऱ्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन आम्लाची वाफ सोडतं, त्यामुळे थोडंसं पीव्हीसीसुद्धा अख्ख्या पेटच्या मालाची वाट लावतं. "एका बाटलीने काय होतंय" याचं उत्तर हे आहे.

धातूसाठी चुंबक. चिकटलं तर पोलादी पत्रा, नाही चिकटलं आणि हलकं असेल तर बहुधा ॲल्युमिनियम. चकचकीत वेष्टन फॉइल आहे की प्लास्टिक हे कळायला मुठीत चुरगाळा, तसंच राहिलं तर फॉइल, हळूहळू उलगडलं तर आतून प्लास्टिक, ते धातूच्या पेटीत नाही.

घरात जागा करा, पण मोठी नको

चार-पाच डबे मांडून ठेवायचा उत्साह महिनाभर टिकतो. मला विचाराल तर तीन पुरे: कोरड्या पॅकेजिंगची एक मोठी पिशवी, काचेसाठी एक टोपली आणि सेल-बल्ब-वायर असल्या वस्तूंसाठी एक छोटा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, मुलांच्या हाताला न लागेल असा. हा छोटा डबा मुद्दाम छोटाच ठेवा म्हणजे तो लवकर भरेल आणि तुम्हाला निघावंच लागेल, नाहीतर लोक वर्षानुवर्षं खण भरून बॅटऱ्या साठवतात आणि ते घरात ठेवायला चांगलं नाही.

पॅकेजिंगची तयारी

धुवायचं किती? चमकेपर्यंत नाही. खरकटं निघालं, वास येत नाही, कागदावर उपडं केलं तर डाग पडत नाही, एवढं बस. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात खळखळून घ्या, वेगळं पाणी वाया घालवू नका. आणि धुतल्यावर वाळवा, हे लोक विसरतात. ओला डबा कागदाच्या पिशवीत गेला की कागद भिजतो, कुजतो, आणि ओल्या कागदाचा धागा कमी प्रतीचा होतो.

झाकणाबद्दल जुना सल्ला होता काढून टाका, आता बहुतेक ठिकाणी उलटं सांगतात: बाटली रिकामी करा, हवा काढून चेपा आणि झाकण परत लावा. सुटी झाकणं यंत्राच्या जाळीतून खाली पडून हरवतात, बाटलीला लावलेली असली तर पुढे भुगा केल्यावर पाण्यात तरंगून आपोआप वेगळी होतात. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून ३ लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच हवीत असा नियम आहे.

बाटलीवर गळ्यापासून तळापर्यंत प्लास्टिकची घट्ट बाही चढवलेली असेल तर ती कापून काढा, कारण छाननी यंत्र इन्फ्रारेड प्रकाशाने वरचा थर बघतं आणि आतल्या पेटला भलतंच काही समजतं. काळ्या प्लास्टिकचंही तेच दुखणं, त्यातली काजळी तो प्रकाश शोषून घेते आणि यंत्राला तो डबा दिसतच नाही. घेताना पर्याय असेल तर काळा ट्रे टाळा.

"कंपोस्टेबल" लिहिलेले पारदर्शक ग्लास पेटसारखेच दिसतात पण ते पेटच्या पेटीत गेले की माल खराब करतात. ते प्लास्टिकमध्ये टाकायचेच नाहीत.

काचेच्या बाटल्या-बरण्या: झाकण काढा, ते धातूत जाईल, लेबल राहिलं तरी चालतं. पेटीवर रंगाप्रमाणे कप्पे असतील तर ते पाळा, पारदर्शक काचेत हिरवी-तपकिरी गेली तर ती पुन्हा पारदर्शक होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओव्हनची भांडी, उष्णतारोधक काच, आरसे, खिडकीची काच, चिनीमातीचे कप यातलं काही बाटल्यांच्या काचेत नको. उष्णतारोधक काच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे भट्टीत ती न विरघळता खड्यासारखी राहते आणि नव्या बाटलीत तडा जाणारी कमकुवत जागा तयार होते. जी बाटली पुन्हा भरायला परत जाते ती फोडायची नाही, तोंडाला टवका गेला तरी ती बाद होते.

धातूचे डबे सोपे, आणि किमती. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवीन बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, त्यामुळे एकही कॅन वाया घालवू नका. डब्याचं धारदार झाकण आत ढकलून तोंड थोडं चेपा म्हणजे कोणाचा हात कापणार नाही. फॉइलचे छोटे तुकडे एकत्र करून मुठीएवढा गोळा झाल्यावर द्या. स्प्रेचे कॅन फुस्स होईपर्यंत पूर्ण रिकामे करा, भोक पाडू नका, चेपू नका, आणि कीटकनाशक किंवा रंगाचा कॅन असेल तर तो घातक कचऱ्याच्या काउंटरवर.

कागदात खोकी उघडून सपाट करा, टेप निघेल तेवढी काढा. कागदाचा धागा साधारण ५ ते ७ वेळा वापरता येतो आणि दर वेळी आखूड होतो. तेलाचे डाग पडलेलं खोकं असेल तर डागाचा भाग फाडून बाजूला आणि कोरडा भाग कागदात. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्यावर रसायनाचा थर असतो, त्या कागदात नकोत. मेणकागद, टिश्यू, फोटो, स्टिकरच्या मागचा कागद, हेही नाही.

दूध-ज्यूसची खोकी दिसतात कागदाची पण आत पॉलिथिनचे थर असतात आणि जास्त टिकणाऱ्या खोक्यांत ॲल्युमिनियमचा पातळ थरही असतो, ती वेगळी करायला खास कारखाना लागतो. म्हणून विचारून, जिथे घेतात तिथेच, खळबळून, कोपरे उघडून, चपटी करून. बिस्किट-चिप्सच्या चकचकीत पाकिटांसाठी जवळपास खास पेटी नसेल तर मला तरी खोटी आशा दाखवायची नाही, ती बहुतेक ठिकाणी रिसायकल होत नाहीत.

सेल आणि बॅटऱ्या: इथे घाई नको

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण बाकी चुकलं तर माल वाया जातो, इथे चुकलं तर आग लागते. लिथियम बॅटरी चेपली गेली, भोक पडलं किंवा तिची दोन टोकं धातूला लागून जोडली गेली तर आत उष्णता तयार होते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया, तिने आणखी उष्णता, असं चक्र सुरू होतं आणि ते थांबवणं फार कठीण असतं. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबून भरतात, छाननी केंद्रात यंत्रं तुडवतात, म्हणून तिथे बॅटरीमुळे आगी लागतात. थोडक्यात, घरच्या कचऱ्यात नाही आणि प्लास्टिक-धातूच्या पेटीतही नाही.

आधी घरात बॅटरी कुठे कुठे आहे ते शोधा. मोबाइल-लॅपटॉप सगळ्यांना आठवतात, पण इलेक्ट्रिक टूथब्रश, ट्रिमर, वायरलेस इअरफोन आणि त्यांची डबी, पॉवर बँक, लुकलुकणारे लहान मुलांचे बूट, गाणं वाजवणारी शुभेच्छापत्रं, रिमोट, वजनकाटा, खेळणी? बॅटरी हाताने सहज निघत असेल तर काढा. निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घेऊन उचकटू नका, वस्तू आहे तशी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत द्या आणि आत बॅटरी आहे असं सांगा.

मग टोकं झाका. चौकोनी ९ व्होल्टचा सेल, ज्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्याला न चुकता टेप लावायची, खिशातलं नाणं किंवा किल्ली लागली तरी तो तापतो. लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या, बटन सेल, पॉवर टूलच्या बॅटऱ्या, यांनाही टेप. साधी पारदर्शक चिकटपट्टी चालते, ॲल्युमिनियमची चकचकीत टेप अर्थातच नाही! बॅटरीवरचा प्रकार लिहिलेला भाग मात्र झाकू नका, छाननी करणाऱ्याला तो वाचायचा असतो. पेन्सिल सेल, म्हणजे दीड व्होल्टचे अल्कलाइन, एवढे धोक्याचे नसतात, तरी पॉइंटवर टेप लावा म्हणत असतील तर लावा.

बटन सेलबद्दल वेगळं. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा सेल. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं, आणि वापरून "संपलेल्या" सेलमध्येही तेवढा करंट शिल्लक असतो. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी टेप लावून डब्यात टाका, टेबलावर ठेवून नंतर बघू असं करू नका.

बॅटरी फुगली असेल, मोबाइलची काच मागून उचलली गेली असेल, तर चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, बाकीच्या बॅटऱ्यांत मिसळायची नाही. कोरड्या वाळूत, धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा, झाकण घट्ट लावू नका. पॉइंटवर न्यायच्या आधी फोन करून फुगलेली घेता का विचारा, दुकानातल्या पेटीत ती टाकायची नाही, कर्मचारी असलेल्या केंद्रातच हातात द्यायची. कुरिअरने तर पाठवायचीच नाही. गळलेल्या सेलला हातमोजा घालून हात लावा आणि वेगळ्या पिशवीत बांधा.

गाडीची किंवा इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी हा वेगळाच प्रवाह, नवीन देणारा विक्रेता बहुतेक वेळा जुनी घेतो. ती उभीच ठेवायची, आतलं ॲसिड ओतून द्यायचं नाही, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये न्यायची.

इलेक्ट्रॉनिक वस्तू, आणि त्यातला तुमचा डेटा

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. खणात पडून राहिलेल्या फोनमागे बहुतेक वेळा आळस नसतो, भीती असते, आपले फोटो आणि बँकेची माहिती कोणाच्या हाती लागेल याची. ती भीती योग्य आहे, आणि तिच्यावर उपाय आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी बॅकअप. मग बँकेची ॲप्स आणि ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर ॲप नवीन फोनवर नीट चालू झालंय ना बघा, याआधी जुना पुसलात तर आपल्याच खात्याबाहेर उभे राहाल. मग फोनमधल्या खात्यांतून साइन आउट करा, विशेषतः हरवलेला फोन शोधणारी सोय बंद करा. हे न करता फोन पुसला तर तो जुन्या खात्याला कुलूपबंद राहतो, चांगला चालणारा फोनसुद्धा दुसऱ्याला वापरता येत नाही, नुसते सुटे भाग करावे लागतात. त्यानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा साठवायची सोय, चालू आहे का बघा, अलीकडच्या फोनमध्ये ते आपोआप असतं, आणि मगच फॅक्टरी रीसेट. एन्क्रिप्शन असलं की रीसेटने किल्लीच नष्ट होते, आतला डेटा वाचता येत नाही. शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढा, कार्ड रीसेटने पुसलं जाईलच असं नाही.

लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण ओव्हरराइट करणारं, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काहीतरी लिहून तो पुसणारं, सॉफ्टवेअर वापरा, नुसतं डिलीट किंवा साधं फॉरमॅट पुरत नाही. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी चिपवाली डिस्क, असेल तर ओव्हरराइटवर भरवसा ठेवू नका, ती डेटाची जागा आतल्या आत बदलत असते, तिथे आधी एन्क्रिप्शन आणि मग सिक्युअर इरेज, म्हणजे अख्खी डिस्क पुसायची तिची स्वतःची आज्ञा. मशीन चालूच होत नसेल तर डिस्क काढून ठेवा किंवा केंद्राकडे डिस्क नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागा. प्रिंटर-कॉपियर मोठा ऑफिसचा असेल तर त्याच्यातही डिस्क असू शकते, आणि राउटरमध्ये वायफायचा पासवर्ड असतो, तोही रीसेट.

वस्तू चालू स्थितीत असेल तर आधी पुन्हा वापरायला देणारं केंद्र शोधा, रिसायकल त्यानंतर. चार्जर आणि वायर सोबत बांधून द्या. आणि वस्तू अशा कोणाला देऊ नका जो उघड्यावर वायर जाळून तांबं काढतो, त्या धुराने पहिले तेच लोक आजारी पडतात.

जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि नळीत निर्वात पोकळी, ती पडून फुटली तर आतल्या बाजूला कोसळून तुकडे उडतात, म्हणून दोघांनी उचला, काचेची बाजू छातीकडे. मायक्रोवेव्ह उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याएवढा चार्ज राहू शकतो. फ्रिज रिकामा करून वाळवा, दार उघडणार नाही असं बांधा (मुलं आत अडकू नयेत म्हणून पडून राहणार असेल तर दारच काढा), आडवा न टाकता उभा न्या, मागची नळी कापून तांबं काढायचा मोह आवरा. आतला वायू जुन्या फ्रिजमध्ये ओझोनला मारक आणि नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये ज्वलनशील असतो.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो, एलईडीत नसतो, पण एलईडीत इलेक्ट्रॉनिक्स असतं म्हणून तोही बल्बच्या पेटीतच. मूळ खोकं असेल तर त्यात घालून न्या, ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून. घरात फुटली तर खिडकी उघडून १० ते १५ मिनिटं खोलीबाहेर थांबा, व्हॅक्यूम फिरवू नका, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, सगळं झाकणाच्या बरणीत घालून तेही पॉइंटवर.

कार्ट्रिज आली त्या पिशवीत घालून, टोनर तर हलवू नका, पावडर उडते.

नेताना आणि देताना

गाडीत बॅटऱ्यांचा डबा उन्हात सोडून जाऊ नका. सगळ्यात आधी उतरवायची वस्तू सगळ्यात वर ठेवा, काच खाली. आणि नुसती एक पिशवी द्यायला लांबवर गाडी काढू नका, दुसऱ्या कामासोबत जोडा.

पेटीवरची पाटी वाचा, तोंडाचा आकारच बऱ्याचदा काय टाकायचं ते सांगतो. मोठी प्लास्टिकची पिशवी अख्खी टाकू नका, माल ओता आणि पिशवी घरी न्या, बंद पिशवी उघडायला छाननी केंद्रात वेळ नसतो आणि पातळ पिशव्या यंत्राच्या फिरत्या चाकांत गुंडाळल्या जाऊन लाइन थांबवावी लागते. कपड्यांच्या कंटेनरला मात्र उलटं, तिथे कपडे बांधलेल्या पिशवीतच, धुतलेले आणि पूर्ण कोरडे, बूट जोडीने बांधून. एक ओला कपडा आजूबाजूच्या सगळ्यांना बुरशी लावतो.

कर्मचारी असेल तर वस्तू दाखवून द्या, शंका असलेली आधी दाखवा. फोन, लॅपटॉप, फ्रिज, गाडीची बॅटरी यांची पावती घ्या, त्यावर तारीख, वस्तू, सिरियल नंबर आणि घेणाऱ्याचं नाव आहे का बघा. ऑफिसचा माल असेल तर पावती पुरत नाही, नष्ट केल्याचं किंवा रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते देण्याआधीच लेखी ठरवून घ्या, नंतर मागितलं की मिळत नाही.

उरलेली औषधं काही औषध दुकानं परत घेतात, ती बेसिनमध्ये ओतू नका, सुया आणि इंजेक्शन वेगळ्या टणक डब्यात आणि आधी विचारून. रंग, थिनर, इंजिन ऑइल मूळ डब्यात, लेबलसकट, एकमेकांत न मिसळता. ऑइलमध्ये थोडं जरी पाणी किंवा दुसरं रसायन मिसळलं तरी ते घेणारा नकार देतो. गॅसचे छोटे सिलिंडर आणि लायटर धातूत टाकू नका, घातक कचऱ्याचं काउंटर विचारा.

आणि पेटी भरून वाहत असेल तर पिशवी बाजूला जमिनीवर ठेवून येऊ नका. पावसात भिजते, जनावरं फाडतात, आणि उचलायला येणारी गाडी बऱ्याचदा फक्त पेटी रिकामी करते, बाजूचा ढीग कचरा म्हणून जातो. पेटीवर नंबर छापलेला असतो, त्यावर भरल्याचं कळवा, पॅकेजिंग जवळच्या दुसऱ्या पेटीत न्या, आणि बॅटऱ्या असतील तर त्या टेप लावलेल्याच परत घरी नेऊन त्याच कोरड्या डब्यात ठेवा.